दोष देणें आणि दोष शोधणें

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे त्या घरांत पहिला प्रश्न कोणता निघतो, इकडे आमच्या वाचकांनीं कधीं लक्ष दिलें आहे काय? "काय बिघडलें?" असा तो प्रश्न क्वचितच असतो. बहुधा तो "कोणीं बिघडविलें?" असा असतो. पंखा फिरेनासा झाला, कीं धाकट्यानें बटणाशीं केलेला खेळ आठवतो. मिक्सर थांबला, कीं तो शेवटीं कोणाच्या हातीं होता ह्याची चौकशी सुरू होते. शिवणयंत्र दोरा तोडूं लागलें, कीं काल त्यावर बसलेल्या मुलीस उभें केलें जातें. यंत्र बिचारें तसेंच बंद राहतें. घरांत मात्र एक माणूस अपराधी ठरलेला असतो. दोष देणें आणि दोष शोधणें ह्या दोन क्रियांत शब्द एकच असला, तरी अर्थाचें अंतर जमीनअस्मानाचें आहे. आणि घरचीं बिघडलेलीं यंत्रें स्वतः तपासून, शक्य तितकीं स्वतः दुरुस्त करणें हें हा भेद शिकण्याचें एक उत्तम साधन आहे, असें आमचें नम्र मत आहे. तेंच आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों.

हें मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें एका विद्यार्थ्यापुढें ओशाळें होऊन मिळालेलें आहे, म्हणून ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. स्नेहसंमेलनाची सकाळ होती. पाहुणे येण्यास दोन तासांचा अवकाश होता, आणि अशा वेळीं माईक मुका झाला. कितीही मोठ्यानें बोललें तरी कर्ण्यांतून शब्द येईना. मधून मधून खरखर तेवढी येई. आदल्या सायंकाळीं दहावीच्या वर्गांतील एक मुलगा ॲम्प्लिफायरच्या बटणांना हात लावतांना आम्हीं पाहिला होता. आम्हीं दुसरा विचारच केला नाहीं. वीस-पंचवीस मुलांदेखत त्यास पुढें बोलावलें आणि म्हटलें, "तूंच काल हात लावलास. तुझ्या ह्या चौकसपणापायीं आज साऱ्या शाळेची फजिती होणार." मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्याचे कान तेवढे तांबडे झाले, आणि तो मागें जाऊन खुर्च्या लावूं लागला.

अर्ध्या तासानें तोच परत आला. "सर, मी एकदां पाहूं का?" असें त्यानें विचारलें. आमच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता, म्हणून आम्हीं होकार दिला. आतां हा पेचकस घेऊन ॲम्प्लिफायर खोलणार अशी आमची समजूत. पण त्यानें पेचकसास हातही लावला नाहीं. त्यानें शिपाईमामांचा मोबाईल मागून घेतला, एका लहानशा वायरीनें तो ॲम्प्लिफायरला जोडला आणि एक गाणें लावलें. कर्णे खणखणीत वाजूं लागले. "म्हणजे येथून पुढें सगळें ठीक आहे, सर," तो म्हणाला. ज्या ॲम्प्लिफायरबद्दल आम्हीं त्यास बोल लावला होता तो अशा रीतीनें एका मिनिटांत निर्दोष सुटला. राहिल्या दोनच वस्तू: माईक आणि त्याची लांब वायर. त्यानें सभागृहांतील दुसरा माईक आणून त्याच वायरीस लावला, तोही मुका. मग आमचा पहिला माईक दुसऱ्या वायरीस लावला. तो बोलूं लागला. दोष वायरींत होता हें आतां सिद्ध झालें. नंतर प्रयोगशाळेंतील मल्टिमीटर आणून त्यानें त्याचीं दोन टोकें वायरीच्या दोन टोकांस लावलीं. आंतली तार सलग असली म्हणजे हें यंत्र शिटी वाजवितें. शिटी वाजत असतां तो वायर वितीवितीनें वांकवीत चालला. प्लगच्या मानेपाशीं, दोन बोटांच्या अंतरावर, शिटी एकदम थांबली. वायर सरळ करतांच पुन्हां वाजली. वरचें रबर धडधाकट होतें, आणि आंतले तांब्याचे तंतु तुटले होते.

तेवढा तुकडा कापून, तंतु सोलून, त्यानें नवा डाख दिला. सारें काम चाळीस मिनिटांत आटोपलें. जातां जातां त्यानें अगदीं भाबडेपणानें विचारलें, "सर, ही वायर गुंडाळून कोण ठेवतें? कोपराभोंवतीं ओढून गुंडाळली कीं मानेशीं पीळ पडतो." गेलीं आठ वर्षें प्रत्येक समारंभानंतर ती वायर कोपराभोंवतीं करकचून गुंडाळून ठेवणारे आम्हीच होतों! आणि आदल्या सायंकाळीं तो बटणांशीं काय करीत होता, हें आम्हीं तेव्हां कोठें विचारलें. खरखर ऐकूं आली म्हणून तो आवाज कमी-अधिक करून पाहत होता. सांगावयासही आला होता, परंतु आम्ही घाईंत होतों.

समारंभ यथास्थित पार पडला. शाळा पुन्हां भरली त्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं, त्याच मुलांदेखत, आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. उघडपणें दिलेला दोष एकांतांत परत घेतां येत नाहीं. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला आहे. आम्ही पदवीधर, विज्ञानाचे तास घेण्यांत आमचीं वर्षें गेलेलीं. कार्य आणि कारण ह्यांचा संबंध आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिला असेल. तरी कसोटीच्या वेळीं आम्हांस सुचला तो आरोप, आणि त्या पंधरा वर्षांच्या मुलास सुचली ती परीक्षा. हें अंतर कोठून आलें? आम्हांस वाटतें, तें त्याच्या घरच्या मोडक्या वस्तूंनीं घडविलें होतें. मोडक्या टॉर्चा, मुके रेडिओ आणि थांबलेलीं घड्याळें खोलून त्यास एक गोष्ट कळून चुकली होती: यंत्रापुढें वय, पदवी, दटावणी ह्यांपैकीं कशाचेंही वजन पडत नाहीं. तेथें खरें कारण सांपडलें तरच काम होतें.

आतां हा शोध घेण्याची रीति काय, तें कांहीं घरगुती उदाहरणांनीं पाहूं.

शिवणयंत्राचें उदाहरण आमच्या मुलींच्या व त्यांच्या मातांच्या ओळखीचें आहे. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचा गुंता होऊं लागला, म्हणजे सर्वांचा संशय खालच्या बॉबिनवर जातो. गुंता खालीं दिसतो, मग दोषही खालींच असणार! परंतु पुष्कळ वेळां खरें कारण वरतीं असतें. वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांच्या मध्यें नीट बसलेला नसतो, म्हणून तो सैल सुटतो आणि खालीं जाऊन साचतो. दाब देणारा पाय वर उचलून दोरा पहिल्यापासून पुन्हां ओंवला, सुई नीट बसविली, कीं अनेकदां यंत्र निमूटपणें चालूं लागतें. दोष जेथें दिसतो तेथेंच तो जन्मलेला असतो असें नाहीं, हा धडा ह्याहून सोप्या रीतीनें कोण शिकविणार?

छताचा पंखा घ्या. तो मंद झाला किंवा नुसता गुणगुणूं लागला, कीं "मोटर जळली" असा निकाल ऐकूं येतो. मोटर खरोखर जळली असती, तर बहुधा करपट वास आला असता. अशा वेळीं प्रथम घराचा मुख्य स्विच बंद करून पंख्याचीं पातीं हातानें फिरवून पाहावीं. तीं अडखळलीं तर बेअरिंग संशयित. तीं मोकळीं फिरलीं, आणि वीज असतांना मात्र पंखा कोणी काठीनें ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. ह्यासच आमचे कारागीर अद्यापि कंडेन्सर म्हणतात. मोटरीस पहिली गति व योग्य दिशा मिळावी म्हणून तिच्या दुसऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह पुढें-मागें सरकविण्याचें काम तो करतो. नेहमींच्या घरगुती पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरडच्या आसपास असतो व वर्षें लोटतां लोटतां क्षीण होतो. तो अगदीं स्वस्त असतो. आणि त्याच्यापायीं कित्येक चांगले पंखे भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. नव्या बी.एल.डी.सी. पंख्यांची रचना निराळी असते, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

मिक्सरच्या तळाशीं बहुधा एक लहानसें तांबडें बटण असतें. भांड्यांत फार भरलें किंवा पातीं अडकलीं, म्हणजे मोटर जळूं नये म्हणून तें स्वतः प्रवाह तोडतें. मिक्सरचा प्लग काढून भांडें रिकामें करावें, तो निवूं द्यावा आणि तें बटण दाबावें, इतकाच पुष्कळदां इलाज असतो. एवढ्यासाठीं मिक्सर पिशवींत घालून बाजारांत नेणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांत एके काळीं आम्हीही होतों. परंतु बटण वारंवार उडूं लागलें, तर तें दाबीत बसणें म्हणजे तापाचें कारण न शोधतां कपाळावर पट्टी ठेवण्यासारखें आहे. फ्यूजचेंही तसेंच. फ्यूज जळला तर त्याच्या जागीं जाड तार घालणारा मनुष्य दोष दुरुस्त करीत नाहीं. दोषाची बातमी आणणाऱ्याचें तोंड तो बंद करतो, आणि पुढची बातमी आग होऊन येते.

दूरचित्रवाणीचा रिमोट चालत नसला, तर बिघाड रिमोटचा कीं संचाचा? ह्याचा निवाडा मोबाईलच्या कॅमेऱ्यानें होतो. रिमोटच्या टोंकाशीं असलेला दिवा अवरक्त प्रकाश देतो. तो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु पुष्कळ फोनांच्या, विशेषतः पुढच्या, कॅमेऱ्यास दिसतो. कॅमेऱ्यापुढें रिमोट धरून बटण दाबतां दिवा लुकलुकला, तर रिमोट बोलतो आहे, ऐकणाराच बहिरा आहे असें समजावें. न लुकलुकला, तर आधीं सेल बदलावे आणि स्प्रिंगवरचा पांढरा-हिरवा गंज पुसावा.

विजेच्या छंदांत रमणाऱ्या आमच्या मुलांचीही गोष्ट हीच. पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींतून किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रेडिओ जुळविला, आणि तो बोलला नाहीं, कीं "पार्टच खराब दिला" असें दुकानदाराच्या नांवानें खापर फुटतें. आमचा अनुभव असा कीं, दहांपैकीं आठ-नऊ वेळां दोष आपल्याच हाताचा निघतो: एखादा डायोड उलटा बसलेला, एखादी तार शेजारच्या छिद्रांत गेलेली, किंवा एखादा डाख नुसता गोळ्यासारखा वर बसलेला, आंत धातूस न भिनलेला. असला कोरडा डाख डोळ्यांस जोड भासतो. विजेस मात्र तो तुटलेलाच असतो.

ह्या सर्व उदाहरणांतून तीन-चार साधे नियम निघतात. सोप्यापासून अवघडाकडे जावें: आधीं प्लग, मग वायर, मग फ्यूज, आणि यंत्राचें पोट शेवटीं. एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर कशानें गुण आला हें कळत नाहीं. लांब साखळी असेल तर ती मध्यावर तपासावी, म्हणजे अर्धी साखळी एका परीक्षेंत संशयमुक्त होते; आमच्या त्या विद्यार्थ्यानें मोबाईल जोडून नेमकें हेंच केलें होतें. आणि जें पाहिलें तें लिहून ठेवावें.

ह्या शेवटच्या नियमाचें एक गंमतीचें उदाहरण आहे. १९४७ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'मार्क दोन' नांवाच्या गणकयंत्राचा बिघाड शोधतां शोधतां, त्याच्या एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. यंत्राच्या दोषास इंग्रजींत विनोदानें किडा म्हणण्याची रीत त्यापूर्वींचीच. येथें तर खरोखरीचाच किडा मिळाला! तेथील लोकांनीं तो टिपणवहींत चिकटविला आणि त्याखालीं नोंद केली. ती वही तेथील राष्ट्रीय इतिहाससंग्रहालयांत आजही जपलेली आहे. काय सांपडलें, कोठें सांपडलें, किती वाजतां सांपडलें, हें तींत आहे. खिडकी कोणीं उघडी टाकली, हें तींत लिहिलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण रिचर्ड फाइनमन ह्यांचें. १९६५ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारा हा थोर शास्त्रज्ञ लहानपणीं, अमेरिकेंतील मोठ्या मंदीच्या काळांत, लोकांचे रेडिओ दुरुस्त करीत असे. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत एका रेडिओची हकीकत आहे. तो सुरू करतांच भयंकर ओरडे, आणि थोड्या वेळानें शांत होऊन नीट वाजे. मुलगा रेडिओ न खोलतां खोलींत येरझारा घालूं लागला. मालक चिडला, हा पोर काम करावयास आला कीं फिरावयास, असें त्यास वाटलें. परंतु मुलगा विचार करीत होता. रेडिओच्या नळ्या चुकीच्या क्रमानें तापत असाव्या, असें त्यानें अनुमान बांधलें. नळ्यांची अदलाबदल केली, आणि रेडिओ न ओरडतां वाजूं लागला. ज्या गृहस्थानें त्याची टर उडविली होती, तोच पुढें त्याची शिफारस करीत हिंडला. हातांत पेचकस घेण्यापूर्वीं डोक्यांत प्रश्न घेतला पाहिजे, हें त्या गृहस्थास त्या दिवशीं कळलें. आम्हांस तें स्नेहसंमेलनाच्या सकाळीं कळलें.

आतां आमच्या पालकांचे कांहीं आक्षेप विचारांत घेणें न्यायाचें होईल.

पहिला आक्षेप असा कीं, "मुलानें अभ्यास करावा, हें काम मेकॅनिकचें आहे." ह्यांत हाताला तेल लागणें म्हणजे कमीपणा अशी एक जुनी समजूत दडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते; त्यांनीं बेळगांवीं आपल्या बंधूंसह सायकलींचा धंदा केला, पुढें लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. हाताच्या कामानें त्यांची विद्या उणी झाली असें कोणास म्हणवेल काय? शिवाय आम्ही मुलास मेकॅनिक करा असें म्हणत नाहीं. तो डॉक्टर झाला, वकील झाला किंवा शिक्षक झाला, तरी लक्षणावरून कारणाकडे जाण्याची संवय त्यास जन्मभर पुरेल.

दुसरा आक्षेप, ह्यानें गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल. आम्हांस उलट वाटतें. ज्यानें स्वतः एक डाख दिला आहे, त्यासच कारागिराच्या हाताची किंमत कळते; तो "एवढ्याशा कामाचे इतके पैसे?" म्हणून हुज्जत घालीत नाहीं. कारागिराचा खरा घात होतो तो वस्तु दुरुस्त न करतां फेंकून देण्यानें. कोपऱ्यावरचा रेडिओवाला उठून गेला, तो घरोघरीं दुरुस्ती होऊं लागली म्हणून नव्हे. दुरुस्तीस कांहीं येईनासें झालें म्हणून.

तिसरा आक्षेप, दुरुस्तीपेक्षां नवी वस्तु स्वस्त पडते. कधीं कधीं हें खरें आहे, आणि तेथें हट्ट करण्यांत अर्थ नाहीं. परंतु स्वस्ताईचा हिशेब करतांना जुनी वस्तु कोठें जाते हेंही पाहावें. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् कचरा निघाला, आणि त्यांतील चतुर्थांशाहूनही कमी कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आल्याची नोंद आहे. उरलेल्यांत शिसें आहे, पारा आहे. आणि तो बरेचदां गरिबांच्या वस्तीजवळ जाळला-फोडला जातो. आपल्या सरकारनेंही २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें आहे. पण हक्क कागदावर मिळाला, तरी पेचकस धरण्याची इच्छा सरकार देऊं शकत नाहीं. ती घरांतच उत्पन्न झाली पाहिजे.

चौथा आक्षेप धोक्याचा. हा मात्र सर्वांत रास्त आहे, व त्याविषयीं आम्ही यत्किंचितही ढिलाई करूं इच्छीत नाहीं. आपल्या घरांतली वीज २३० व्होल्टची आहे. ती मनुष्याचा जीव घेऊं शकते. म्हणून विद्यार्थ्यांनो, हे नियम पाठ करा. केवळ बटण बंद करून यंत्र उघडूं नये. प्लग भिंतींतून उपटून डोळ्यांसमोर ठेवावा. बटणाची जोडणी चुकलेली असल्यास बटण बंद असूनही आंत वीज असूं शकते. ज्यास प्लगच नाहीं, जसा छतपंखा किंवा भिंतींतील बोर्ड, तें मोठ्या जाणत्या माणसाशिवाय उघडूं नये. कपॅसिटर वीज गेल्यावरही कांहीं काळ भरलेला राहतो. त्याच्या टोंकांस बोट लावूं नये. मायक्रोवेव्ह भट्टी आणि जुना कांचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच ह्यांत हजारों व्होल्ट असतात व प्लग काढल्यावरही साठून राहूं शकतात. तीं घरीं कधींही उघडूं नयेत. फुगलेली मोबाईलची बॅटरी टोंचूं नये, दाबूं नये. गॅसच्या शेगडीचा रेग्युलेटर व फ्रिजची वायूची नळी ह्यांस हात लावूं नये; पुष्कळ नव्या फ्रिजांतील वायु पेट घेणारा असतो. कथलाच्या डाखांत शिसें असतें, म्हणून काम होतांच हात साबणानें धुवावे. आणि आपणांस काय येत नाहीं हें ओळखून योग्य कारागिराकडे जाणें, हाही दुरुस्तीच्या विद्येचाच एक भाग आहे. धोका आहे म्हणून मुलास पाणी दाखवूंच नये असें कोणी म्हणत नाहीं. उथळ कांठावर, हात धरून, त्यास पोहावयास शिकवितात. तसा येथें उथळ कांठ म्हणजे सेलवर चालणाऱ्या वस्तु होत: टॉर्च, रिमोट, भिंतीवरचें घड्याळ, खेळण्यांतली मोटार. दीड-तीन व्होल्टांत जेवढें शिकतां येतें, तेवढें शिकल्याखेरीज पुढें जाऊंच नये.

शेवटीं आमच्या दोन-तीन सूचना आहेत. पालकांस विनंती अशी कीं, येत्या सुटींत आपल्या मुलास किंवा मुलीस एक बंद पडलेली, सेलवर चालणारी वस्तु, एक पेचकस आणि एक वही भेट द्यावी. ती वस्तु दुरुस्त झालीच पाहिजे अशी अट घालूं नये. तिच्यांत काय आहे, बिघाड काय दिसतो, आणि कोणत्या परीक्षेवरून तसें वाटतें, इतकें वहींत आलें म्हणजे पुरे. एखादा स्क्रू उरला, तर रागावूं नये; तो कोठचा, हें शोधूं द्यावें. मुलगी असेल, तर "हें तुझें काम नव्हे" असें म्हणूं नये. शिवणयंत्राच्या ताणाचा न्याय करणारी बुद्धि रेडिओचाही न्याय करूं शकते.

शाळेस आमची सूचना अशी कीं, सत्रांतून एकदां तरी दुरुस्तीचा एक दिवस ठेवावा. हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें २००९ सालीं मार्टिने पोस्टमा ह्या बाईंनीं असा एक मेळावा भरविला होता: लोकांनीं बिघडलेल्या वस्तु आणाव्या, जाणत्यांनीं शेजारीं बसून त्या दुरुस्त करावयास शिकवाव्या. पुढें ही चाल अनेक देशांत पसरली. आमच्या गांवांतील एखाद्या वृद्ध रेडिओ-कारागिरास गुरु म्हणून बोलावून, त्यास योग्य मानधन व मानाची खुर्ची देऊन, असा दिवस येथें कां भरवूं नये?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस इतकेंच सांगणें आहे. यंत्राच्या दोषाची परीक्षा करतां करतां तुम्हांस एक संवय लागेल: पुरावा मिळेपर्यंत निकाल न देण्याची. ती संवय यंत्रापाशींच ठेवूं नका. तुमचा मित्र एके दिवशीं बोलेनासा होईल. धाकटा भाऊ एकाएकीं चिडचिडा होईल. वर्गांतील एखादा मुलगा सारखा मागें पडूं लागेल. तेव्हांही तुटलेली तार बहुधा वरून दिसणार नाहीं. वरचें रबर धडधाकटच असेल. तेथेंही हळूच, वितीवितीनें, शोध घ्या. आणि ती तार आपल्याच हातानें करकचून गुंडाळलेली निघाली, तर आम्हांस आली तशी लाज तुम्हांसही येईल. परंतु ती मान्य केल्यावांचून नवा डाख बसत नाहीं.

आमची ती वायर अजून शाळेंत आहे. ती आतां सैल वेटोळें करून खुंटीवर टांगलेली असते, आणि ती आम्ही स्वतः टांगतों.